गोदाकाठचा जुना वाडा आणि त्यामागची आमराई: कधी जावे, काय पाहावे?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठावरील एका गावात देशमुखांचा जुना वाडा असून त्याला लागूनच आमराई आहे. ही दोन्ही ठिकाणे कुटुंबासह पाहावीत असा आमचा विचार आहे. घराणे पुण्याला स्थायिक झाले असून वाड्यात सध्या सालगडी आणि त्याचे कुटुंब राहते. मालकांचा आणि आमच्या मामांचा जुना परिचय असल्यामुळे "केव्हाही या, फक्त आधी निरोप द्या" असे त्यांनी कळवले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बागेत गावरान आंब्याची वीस-बावीस झाडे अद्याप उभी आहेत. त्याखेरीज चिंच, कवठ, जांभूळ, रामफळ, एक महाळुंग आणि विहिरीच्या थारोळ्याजवळ, म्हणजे मोटेचे पाणी पडते त्या जागेजवळ, दोन कलमी आंबे आहेत. हे कलमी आंबे निजामाच्या राजवटीत आजोबांनी हैदराबादहून आणवले होते, असे त्यांच्या घरात सांगतात.

मागे एका गढीवर गेलो असता सोबतच्या वाटाड्याने कोणत्या चित्रपटातील कोणता प्रसंग कोठे चित्रित झाला एवढेच दाखवले आणि आम्ही बुरुजासमोर छायाचित्रे काढून परतलो. या वेळी तसे होऊ नये अशी इच्छा आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि मावशी, तसेच शाळकरी मुले असतील. जाण्यासाठी कोणता काळ योग्य ठरेल, वाड्यात नेमके काय पाहावे आणि बागेतील झाडे जाणत्या नजरेने कशी पाहावीत, याबद्दल माहितगारांनी कृपया लिहावे. आणखी एक शंका आहे. आवडलेल्या आंब्याच्या कोयी आणून आमच्या शेतात लावण्याचा मावशीचा मनोदय आहे; मालकांकडे तशी मागणी करणे रीतीला धरून होईल का?

माळवद (लातूर)

व्यवसायाने मी वास्तुविशारद आहे आणि माझे आजोळही अशाच एका वाड्यातले आहे, त्यामुळे वाड्यापुरते लिहिते. झाडांविषयी येथील कलमकाडी काका लिहितीलच.

पोहोचल्यावर आत शिरण्याची घाई करू नये. आधी बाहेरून भिंतीच्या कडेने एक फेरी मारावी. आपल्याकडच्या वाड्यांची भिंत बहुधा खाली घडीव दगडांची आणि वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची असते. भिंतीला कोठे पोट सुटले आहे का, हे या फेरीत पाहावे. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर असतात आणि मधली पोकळी चिखल व बारीक दगडांनी भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून धरणारे लांब दगड आडवे घातलेले नसले, की मुरलेल्या पाण्याने बाहेरचा पदर हळूहळू सुटू लागतो. तशी फुगीर भिंत दिसली तर मुलांना तिच्या सावलीला बसवू नये, हे स्पष्टच सांगते.

देवडीतून आत आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे आणि मग मान वर करून छत पाहावे. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन (बारीक लाकडांचा थर), त्यावर पाल्याचा थर, त्यावर माती आणि सर्वांत वर पाणी न झिरपू देणारी पांढरी माती, अशी माळवदाची रचना असते. दर उन्हाळ्यात मृगापूर्वी वर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती काढण्याची रीत मात्र तेवढ्या कटाक्षाने पाळली जात नसे, म्हणून मूळचे फूट-दीड फुटाचे माळवद पिढी-दोन पिढ्यांत दोन फुटांच्याही वर गेले. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे हेच ओझे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसांच्या अंगावर आले. चिखलात रचलेल्या भिंती ढासळल्या आणि माती खाली आली; ज्या घरांत लाकडी सांगाडा चांगला जोडलेला होता तेथे भिंती पडूनही खांब आणि तुळया उभ्या राहिल्याची उदाहरणे पुष्कळ होती. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत लोकांनी भीतीपोटी कित्येक धडधाकट वाडेही उतरवून टाकले. तुम्ही पाहणार आहात तो वाडा परभणी जिल्ह्यात असल्याने वाचला असावा. तरीही माळवदावर एका वेळी सर्वांनी चढू नये. जिना अंधारा आणि पायऱ्या उंच असतात, तेव्हा आई-मावशींनी चौकातच बसणे बरे.

आता ज्या जागा बहुतेक पाहुणे चुकवतात त्यांविषयी सांगते. छतातले साणे पाहावे. धूर जाण्यासाठी आणि उजेड येण्यासाठी ठेवलेले हे भोक पावसात दगडी झाकणाने बंद करत असत. भिंतीतले बळद पाहावे. त्याचे तोंड वर असते आणि खाली बोळा असतो. बोळा काढला की ज्वारी आपोआप सुपात येते. पेव, म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीतले तळघर, असेल तर ते बाहेरूनच पाहावे, मुलांना वाकूनही पाहू देऊ नये. धान्य साठवलेल्या बंद पेवात साचलेला वायू प्राणघातक असतो, म्हणूनच जुनी माणसे पेव उघडल्यावर बराच काळ कोणाला आत उतरू देत नसत.

माझ्या मते वाड्यातील सर्वांत महत्त्वाची खोली मात्र अढीची. माजघरामागे, चौकापासून लांब, बाहेरच्या भिंतीत खिडकी नसलेली ही खोली तेथे असणारच, कारण एवढी मोठी आमराई असलेल्या घराला तिच्यावाचून भागत नाही. जमिनीवर वीतभर गव्हाचे काड, त्यावर आंब्यांचा एकेरी थर, त्यावर पुन्हा काड, अशी अढी घालत. माझी आजी भल्या पहाटे अढीत कोपरापर्यंत हात घाले आणि ज्या कोपऱ्यात ऊब लागेल तेथले काड उपसून आंबे निवडून घेई. उजेडाची तिला गरज लागत नसे. जाड भिंती आणि वरचे मातीचे ओझे यांमुळे त्या खोलीतील गारवा दिवसभर फारसा बदलत नाही, म्हणून फळ उकडून न जाता सावकाश पिकते. वाडा आणि बाग या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, हे या खोलीत उभे राहिल्यावर जसे कळते तसे दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे पाहून कळत नाही.

कलमकाडी (छत्रपती संभाजीनगर)

फलोत्पादनाच्या कामात माझी नोकरी गेली, तेव्हा बागेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कोयीचे. मावशींना सांगा की शेप्याची कोय लावून शेप्या येत नाही. आपल्याकडील आंब्याच्या कोयीतून साधारणपणे एकच रोप उगवते आणि ते परागीकरणातून आलेले असते. मोहोरावर माश्या या झाडावरून त्या झाडावर फिरतात, म्हणजे आई ठाऊक असली तरी बाप कोण हे सांगता येत नाही. म्हणूनच गावरान आमराईतील प्रत्येक झाड स्वतंत्र असते आणि प्रत्येकाला निराळे नाव असते. शेपूच्या वासाचा तो शेप्या, घट्ट पांढुरक्या गराचा तो खोबऱ्या, खांद्यावर शेंदरी रंग चढणारा तो शेंदऱ्या, लांबट तो केळ्या, गोल आणि लहान तो गोट्या. ही नावे गावोगाव सापडतात, परंतु तुमच्या गावचा खोबऱ्या आणि माझ्या गावचा खोबऱ्या हे एक वाण नव्हेत. ते झाड पडले की तो आंबा जगातून गेला, असे समजावे. कोयी जरूर आणा, पण त्या खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचे त्या रोपासाठी; तेच फळ हवे तर त्या झाडाची काडी लागते.

झाडापाशी उभे राहिल्यावर फळ किती गोड, हा शेवटचा प्रश्न असावा. त्याआधी पुष्कळ विचारण्यासारखे आहे. झाड दरवर्षी फळते की वर्षाआड? मोहोर लवकर येतो की उशिरा? फळाला चोच आहे का, साल जाड की पातळ, गरात रेषा किती, कोय मोठी की चपटी? आंबा रसाचा, चोखून खाण्याचा की केवळ लोणच्याचा? लोणच्याचा आंबा पिकल्यावर बेचव लागतो म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. करकरीत, आंबट आणि वर्षभर फोड न मोडणारी कैरी देणारे झाड पूर्वी रसाच्या आंब्याइतकेच जपले जाई. मुलांना वही देऊन झाडागणिक एक पान लिहायला लावावे. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा, मात्र त्यावरून वय ठरवण्याच्या फंदात पडू नये. गोदाकाठच्या मळईतील झाड आणि मुरमाड माळावरचे झाड सारख्याच वयात सारखे पोसत नाही.

बुंध्याच्या तळाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर ते भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागल्याचे चिन्ह आहे, हे मालकांना अवश्य कळवा. छिद्रात तार घालून अळी काढावी, औषधात भिजवलेला बोळा आत सारावा आणि छिद्र मातीने लिंपावे. एवढ्याने म्हातारे झाड वाचते. फांद्यांवर जाड, चकचकीत पानांचे निराळेच झुडूप दिसले तर ते बांडगूळ. ते ओरबाडून निघत नाही, ज्या फांदीत त्याने मूळ रोवले आहे तिचा तुकडाच कापावा लागतो.

अशा आमराया गेल्या कशा, हे विचारण्याची पाळी तेथे उभे राहिल्यावर येणारच. दुष्काळ हे उत्तर सर्वांना सुचते आणि ते खोटे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडे लोकांनी टँकरने पाणी घालूनही मोसंबीच्या बागा वाळल्या. परंतु खोल मुळांचे गावरान झाड एका दुष्काळाने सहसा मरत नाही. विंधन विहिरींनी खालचे पाणी ओढले, वाटण्यांमध्ये बागेचे तुकडे झाले, पन्नास फूट उंच झाडावर चढून झेल्याने आंबा उतरवणारी माणसे मिळेनाशी झाली आणि सॉ मिलचा व्यापारी रोख रक्कम घेऊन दारात आला. त्यातच १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि केसरची कलमे शेतोशेती पोहोचली. केसर मूळचा जुनागढचा, त्याला ते नाव १९३४ मध्ये मिळाले. पण आपल्या हवामानात तो इतका रुळला की आज 'मराठवाडा केसर' या नावाने त्याला भौगोलिक मानांकन आहे. केसरवर माझा राग नाही, मी स्वतः हजारो कलमे वाटली आहेत. फक्त शेतकऱ्याने केसर लावताना बांधावरचा शेंदऱ्या तोडायला नको होता.

काळ विचाराल तर मेचा शेवटचा आठवडा, म्हणजे रोहिणी नक्षत्र. तेव्हा झाडावर पाड लागलेला असतो. मृगाचा पाऊस पडून गेला की फळमाशीमुळे आंब्यात अळ्या दिसू लागतात.

शिवारफेरी (बीड)

काकांविषयी आदर ठेवून लिहितो, परंतु सत्तरीच्या दोन बायकांना मेच्या अखेरीस परभणीच्या उन्हात न्यावे हे मला पटत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत सहज जातो, आणि खेड्यात वीज असेलच याचा भरवसा नाही. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत जावे. हवा चांगली असते, हुरडा मिळतो, मोहोर असतो, आणि कोणते झाड आधी फुलते व कोणते मागे राहते हे तेव्हाच दिसते. कवठही त्याच सुमारास मिळते, रामफळ त्यानंतर.

दुसरा पर्याय दसरा-दिवाळीच्या दरम्यानचा. तेव्हा आमच्या बालाघाटात सीताफळ असते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, तेथे निरनिराळे वाण शेजारी शेजारी पाहता येतात. धारूरचा किल्ला जवळच असल्याने तोही पाहून होतो. सीताफळ घेताना डोळे उघडलेले घ्यावे; फुगवट्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळ दोन-तीन दिवसांत पिकते, नाहीतर ते घरी जाऊन काळे पडते.

एक मतभेदही नोंदवतो. विहिरीजवळच्या हैदराबादी कलमांना गावरान झाडांच्या पंक्तीला बसवू नये. ती हौसेची झाडे होती. वारसा म्हणायचा तो कुणब्याने कोयीपासून वाढवलेल्या झाडांचा.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. शिवारफेरी यांचे म्हणणे आईला तत्काळ पटले, मुलांना मात्र पाडाचा आंबा हवा आहे. दोन प्रश्न राहिले. ती दोन कलमी झाडे कोणती, हे मालकांनाही नक्की ठाऊक नाही. ते ओळखता येईल का? शिवाय वाड्याच्या दरवाजावर एक आकडा कोरलेला आहे आणि माळ्यावर कागदांचे काही रुमाल बांधून ठेवलेले आहेत असे कळले. त्या कागदांमधून बाग केव्हा लावली हे समजू शकेल का?

दप्तरखाना (नांदेड)

दरवाजावरचा आकडा आधी शके आहे की फसली, म्हणजे महसुली कालगणनेचा, ते पाहावे. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. निजामाच्या मुलखातला फसली सन असेल तर ५९० मिळवावेत. उदाहरणार्थ शके १८३० आणि फसली १३१८ हे दोन्ही साधारण इसवी १९०८ च्या आसपास येतात. वर्षारंभ निराळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. आकडा अठराशेच्या घरात दिसला म्हणून वाडा दोनशे वर्षांचा आहे असे पाहुण्यांना सांगितले जाते, आणि ते शके असते. हे मी पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे.

रुमालातील कागद मोडी, मराठी, उर्दू आणि फारसी अशा चारही प्रकारचे निघू शकतात. रुमाल सोडताना कागद ओल्या हाताने हाताळू नयेत, घड्या उलट्या मोडू नयेत आणि छायाचित्र काढताना दिवा फार जवळ धरू नये. देशमुखी घराण्याचे कागद वाचताना काही टप्पे ध्यानात ठेवले तर गोंधळ होत नाही. पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांमध्ये, १८६५ च्या जिल्हाबंदीच्या (मुलखाची जिल्ह्यांत आखणी झाली त्या) सुमारास, देशमुख-देशपांड्यांकडील वसुलीचे काम सरकारी अंमलदारांकडे गेले आणि वतनदारांना रुसूम (ठरावीक मोबदला) मिळू लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळ कायदा आला. बागेखालची जमीन नेमकी कोणाच्या वहिवाटीत होती, हे समजण्यासाठी मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक पाहतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केल्यास त्याची नक्कल मिळते.

बाग लावल्याचा थेट कागद मिळेल अशी आशा फार धरू नये. झाडे लावल्याची नोंद कोणी करत नसे. विहीर बांधल्याचा खर्च, मोटेच्या नाड्यांची आणि बैलांची खरेदी, आंबे कोणाकोणाकडे पाठवले त्याच्या याद्या, असे आडवाटेचे पुरावे मिळतात. विहीर कधी बांधली ते कळले की बागेचा काळही साधारण सापडतो, कारण पाण्याची सोय झाल्याखेरीज एवढी रोपे कोणी जगवत नसे.

कलमकाडी (छत्रपती संभाजीनगर)

शिवारफेरींचा मुद्दा मी मान्य करत नाही. सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडला जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि आपल्या भागातील बागाईतदारांना हैदराबादच्या रोपवाटिका जवळ झाल्या. थारोळ्याजवळ, म्हणजे पाण्याच्या अगदी तोंडाशी ती झाडे लावली यावरूनच त्यांची किंमत त्या घराला किती वाटत होती ते दिसते. ती हौस असेल, पण हौसेने लावलेली झाडेही ऐंशी-नव्वद वर्षे जगवावी लागतात. कुणब्याचा शेंदऱ्या आणि देशमुखांचे कलम एकाच मोटेचे पाणी प्यायले आहे, तेव्हा एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवणे मला जमणार नाही.

ओळखायचे असे. बुंध्याच्या खालच्या भागात साल बदललेली रेघ किंवा गाठ दिसते का ते पाहा. जुन्या भेट कलमांत (खुंट आणि फांदी सोलून एकत्र बांधलेल्या कलमांत) तो सांधा म्हातारपणीही लपत नाही. फळ मोठे, लांबट, गुळगुळीत, पिकल्यावर एकसारखे पिवळे आणि रेषा नसलेले असेल तर बहुधा बेनिशान. फळ मोठे, पण गोलसर, साल अतिशय पातळ आणि पिकूनही हिरवट राहणारी असेल तर हिमायत, ज्याला दक्षिणेत इमामपसंद म्हणतात. फळ मध्यम, निमुळते आणि लांब असेल तर दसेरी असू शकेल. फळाखेरीज केवळ पानावरून मी तरी नाव सांगणार नाही.

आता काडीविषयी. मागणी करणे गैर नाही, पण परस्पर काडी तोडणे गैर आहे. म्हाताऱ्या झाडावर अडचण अशी की योग्य काडीच मिळत नाही. सगळी टोके बारीक आणि निबर झालेली असतात. म्हणून आधीच्या हंगामात फळे उतरल्यावर मालकांच्या परवानगीने एक-दोन लहान फांद्यांची टोके छाटून ठेवावीत, म्हणजे जोमदार नवी फूट मिळते. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड आणि टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडावी. काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापावीत. काढल्यावर ओल्या फडक्यात आणि वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणावी आणि शक्य तितक्या लवकर बांधावी. सोबत आणलेल्या कोयीही फार दिवस ठेवू नयेत; वाळली की कोय उगवत नाही. कोरडवाहू शेत असेल तर पिशवीतील कलम विकत आणून लावण्यापेक्षा कोय जागेवरच रुजवावी आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रोपाच्या कोवळ्या फुटीवर काडी बांधून मृदकाष्ठ कलम करावे. सोटमूळ न दुखावता सरळ खाली जाते आणि झाड पाण्याचा ताण सोसते. कलम बांधणारा माणूस गावात मिळाला नाही तर येथील हिमायतबागेत यावे. मुघल काळातील ही बाग आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. जुना बागेचा आराखडा आणि आजची आंब्याची लागवड एकत्र पाहण्यास दिल्ली दरवाजाजवळच्या या जागेसारखी दुसरी जागा आपल्याकडे नाही.

मालकांना माझ्यातर्फे एवढे सांगावे की कोणी लाकडासाठी सौदा घेऊन आला तर आंबा, चिंच आणि जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या शेतातले असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करून घेतलेली बरी.

माळवद (लातूर)

तारखेचा वाद मिटवण्याचा माझा सल्ला असा की आई-मावशींना फेब्रुवारीत न्यावे आणि मुलांना मेमध्ये मामांच्या बरोबर पाठवावे. वेळ अमावास्या या सणाच्या आसपास जाणार असाल तर आधी चौकशी करावी. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी सगळे गाव शिवारात भज्जी-आंबील खायला गेलेले असते आणि वाड्याला कुलूप असते. तुमच्या गावी तो सण कितपत पाळतात ते सालगडीच सांगेल.

मेमध्ये जाण्यापूर्वी मालकांना एक गोष्ट नक्की विचारून घ्यावी. मालक बाहेरगावी असतात तेव्हा बाग बहुधा मोहोरावर किंवा कैरीवर असतानाच बागवानाला उक्ती दिलेली असते. तसे असेल तर त्या हंगामापुरता फळाचा धनी बागवान, मालक नव्हे. मालकांनी परवानगी दिली म्हणून मुलांनी दगड भिरकावून आंबे पाडले तर राखणदाराशी वाद होईल आणि त्यात चूक तुमचीच ठरेल. बागवानाकडूनच शेकड्याच्या भावाने आंबे घ्यावेत, आणि प्रत्येक झाडाचे चार-चार वेगळे ठेवून द्यावेत असे आधीच सांगावे, नाहीतर सगळे एकाच टोपल्यात मिसळतात आणि मग शेप्या कोणता नि गोट्या कोणता याचा पत्ता लागत नाही. सालगड्याच्या घरी जेवणार असाल तर जिन्नस सोबत न्यावेत किंवा पैसे आधीच हातात द्यावेत. निघताना दिलेले पैसे ती माणसे संकोचाने परत करतात. झाडांची नावे मात्र बागवानाला विचारू नयेत, त्याच्या लेखी आंबा रसाचा तरी असतो नाहीतर लोणच्याचा. नावे सालगड्याच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारावीत आणि त्यांना बागेत सोबत घेऊन जावे; घरी बसून विचारले तर चार-दोनच सांगतील, झाडाखाली नेले तर सगळी सांगतील.